घोडा दोघांचा, हिशेब मात्र एकाचा

विट्याचे नाव घेतले की परगावच्या व्यापाऱ्याला दोन धंदे आठवतात. एक यंत्रमागाचा आणि दुसरा गलाईचा. यंत्रमागाने गावातल्या हातांना गावातच काम दिले, तर सोन्या-चांदीच्या गलाईने खानापूर-आटपाडीची माणसे देशाच्या कानाकोपऱ्यात नेऊन बसवली. या दोन्ही धंद्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण आमच्या कापडपेठेचे एक तिसरे गिऱ्हाईक आहे, ज्याचा उल्लेख कोणत्याही व्यापारी अहवालात सापडत नाही. ते म्हणजे मेंढरांमागे फिरणारा धनगराचा वाडा.

दिवाळी सरली की आटपाडी आणि माणच्या माळावरचे वाडे हलतात. काही कोकणाकडे वळतात, काही भिवघाट, खानापूर, विटा, कडेगाव अशा वाटेने कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्याकडे जातात. मेंढरांबरोबर पुरुष आणि लादलेल्या घोड्यांबरोबर बायका, अशी ही चाल असते. विट्यातून जाताना पेठेच्या तोंडाशी घोडी थांबतात. बाई दुकानात येते, लुगडे पाहते, पोरांचे कापड पाहते. घोडीचा दोर तोवर दुसऱ्या कोणाच्या हातात असतो, पण तिचे अर्धे लक्ष बाहेरच असते. दुकानात बसायला लागल्यापासून मी हे पाहत आलो आहे.

व्यापाराच्या पानावर घोड्याचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. काम आहे. एका घोडीच्या व्यवहारात मी जे शिकलो, ते कापडाच्या गाठी मोजताना मला कधी कळले नव्हते. त्या व्यवहारात चूक माझीच होती, म्हणून ती लिहायला संकोच वाटत नाही.

चालते घर

प्रथम घोडीचा हिशेब समजून घ्यावा. मेंढपाळाचे उत्पन्न तीन-चार वाटांनी येते. कोकरे आणि बकरे विकून, थोडे लोकरीचे, आणि शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवून मिळणाऱ्या धान्याचे किंवा पैशाचे. मेंढराच्या लेंडीखताने जमीन सुधारते, म्हणून शेतकरी वाड्याला बोलावतो. पण एका रानात वाडा फार दिवस राहत नाही. दोन दिवस, चार दिवस, की पुढचे रान. इतक्या वेळा घर हलवायचे तर ते घर पाठीवर घेणारे कोणी तरी हवे. ते काम घोडी करते.

घोडी लादणे ही बाईची विद्या आहे. आधी पाठीवर घोंगडी, तिच्यावर खोगीर, मग दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची पोती. धान्य, भांडी, मेंढरे कोंडायची जाळी, तिच्या मेखा, अंथरुणे, आणि सगळ्यांत वर कोंबड्या, कालच जन्मलेले कोकरू आणि घरातले लहान मूल. एका बाजूला दोन शेर वजन जास्त झाले तर घाटात खोगीर फिरते आणि घोडीची पाठ सोलून निघते. पाठ सोलली की आठ-पंधरा दिवस ती घोडी निकामी. म्हणजे या चालत्या घराची सगळी सुरक्षितता बाईच्या हाताच्या अंदाजावर असते. आम्ही कापडवाले गज लावून मोजतो, ती नुसते उचलून सांगते.

मी ज्या जोडप्याविषयी लिहितो आहे, ते आटपाडीकडचे. नावे देत नाही. मी नवऱ्याला मामा म्हणत असे आणि बाईला मामी. दोघे पन्नाशीच्या आसपासचे होते. त्यांच्याकडे तीन घोडी होती, पण जीव एका कुमेद घोडीवर. कुमेद म्हणजे तांबूस काळसर अंगाची. उर्दू शाळेत शिकल्यामुळे हा अरबी शब्द मला ठाऊक होता, पण तो मी प्रथम जिवंत ऐकला तो या अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडून. अबलख, सब्जा, मुश्की हे रंगही तिला तसेच तोंडपाठ.

घोडी कोणाचे जास्त ऐकते, यावर दोघांचा कायम वाद चाले. मामा म्हणत, रान बघायला मी पहाटे तिच्यावरून दहा-दहा मैल जातो, वाट माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत. मामी म्हणत, वाट माहीत असंल, पण हाक माझीच कळती. तरुणपणी एकदा दोघे एकाच घोडीवर बसून खरसुंडीच्या यात्रेला गेले होते. वाटेत सासरा भेटला तेव्हा दोघेही उडी मारून खाली उतरले आणि घोडी तेवढी पुढे गेली. हा किस्सा मामी सांगत आणि मामा बाहेर जाऊन उभे राहत.

बस्ता आणि उधारी

2012 मध्ये त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. लग्नाचा बस्ता माझ्याकडून गेला. काही रक्कम रोख, उरलेले 14,600 रुपये उधार. बोली अशी की पुढच्या बकरी ईदच्या आधी बकरे विकले की पैसे द्यायचे. आमच्या पेठेत हा व्यवहार जुना आहे. ईदच्या कुर्बानीचे बकरे आपण त्यांच्याकडून घेतो, लग्नाचे कापड ते आपल्याकडून घेतात. कागदापेक्षा जबानीवर चालणारा धंदा.

पण त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. 2012-13 चा दुष्काळ माण, आटपाडी, जत या भागांतले लोक विसरलेले नाहीत. जागोजागी चारा छावण्या उघडल्या, पण त्या मुख्यतः गाई-बैलांसाठी होत्या. मेंढरांचे आणि घोड्यांचे ज्याने त्याने पाहायचे. कोकरे पडेल भावाने विकली गेली.

एप्रिल 2013 मध्ये एका दुपारी मामा-मामी दुकानी आले. बरोबर कुमेद घोडी होती. मामा म्हणाले, "भाई, ही घोडी घ्या आन् खातं मोकळं करा. आमच्याच्यानं आता तिला वैरण हुईना."

मी विचार केला. दिवाळीत अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. तोवर सहा महिने सांभाळली तर घोडी उधारीपेक्षा जास्तीला जाईल. मी मामांना विचारले, खोड काही नाही ना? ते म्हणाले, नाही. मी दात पाहिले, पाय पाहिले, वहीवर आडवी रेघ मारली आणि दोर हातात घेतला. मामी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी घोडीच्या पाठीवरची गोधडी काढली, घडी घातली आणि काखेत मारली. मला वाटले, गोधडी व्यवहारात नव्हती म्हणून नेत असतील.

तीन आठवडे

घोडी आमच्या घराच्या मागच्या अंगणात, गोदामाच्या भिंतीलगत बांधली. गड्याला सांगून दाणा-वैरण आणली. सकाळी दुकान, रात्री हिशेब, हा माझा दिवस. घोडीकडे मी येता-जाता पाहत असे.

घोडा हे बैलासारखे जनावर नाही, हे मला माहीत नव्हते. बैल एकदा खातो आणि रवंथ करीत बसतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याला थोडे थोडे, पण दिवसभर लागते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचे पोटात गेले की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावते. एकदम हरभरा घालणे म्हणजे विष घालण्यासारखे. आणि पाणी! दिवसाला वीस-पंचवीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्या वर्षी घरच्या नळाला पाण्याची काय अवस्था होती, ते विट्यात राहणाऱ्यांनी आठवून पाहावे.

हे पाणी कोण आणत होते? माझी पत्नी. चार गल्ल्या पलीकडच्या बोअरवरून, डोक्यावर हंडा घेऊन. दाणा भिजवणे, लीद काढणे, खरारा करणे, सगळे तिच्यावर आले. मी मात्र दुकानात चार मित्रांना सांगत होतो की मी घोडी घेतली आहे.

पंधरा दिवसांत घोडीने खाणे कमी केले. रात्रभर खुराने जमीन उकरायची आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. मी एका वयस्क नालबंद चाचांना बोलावले. त्यांनी चारही खूर उचलून पाहिले, पोटाला कान लावला आणि म्हणाले, "आजार काही नाही. ही वाड्यातली घोडी. जन्मात कधी एकटी राहिलेली नाही. हिला माणूस नाही तर जनावर, कोणी तरी आपले लागते."

त्या रात्री पत्नीने मला हजरत अस्मा (रजि.) यांची हकीकत सांगितली. ती तिने महिलांच्या इज्तिमात ऐकली होती. मीही मदरशात ऐकली असणार, पण तेव्हा मी घोडी बाळगत नव्हतो.

सहीह बुखारीत ही हकीकत आली आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांची ही कन्या हजरत जुबैर (रजि.) यांच्या घरी नांदायला गेली, तेव्हा त्या घरात पाणी वाहणारा एक उंट आणि एक घोडा याशिवाय काही नव्हते. घोड्याला चारा घालणे, पाणी शेंदणे, चामड्याची बादली शिवणे, कणीक मळणे, हे सगळे त्या करीत. भाकरी त्यांना नीट जमत नसे, ती शेजारच्या अन्सारी स्त्रिया भाजून देत. पतीच्या जमिनीवरून खजुराच्या बिया डोक्यावर घेऊन त्या सुमारे दोन मैल चालत येत. एकदा वाटेत प्रेषित मुहम्मद (स.) भेटले. त्यांनी अस्मांना बसता यावे म्हणून आपला उंट बसवला, पण संकोचाने त्या बसल्या नाहीत. घरी येऊन पतीला सांगितले, तेव्हा हजरत जुबैर म्हणाले की तू डोक्यावर ते ओझे वाहतेस, हेच मला जास्त जड जाते. पुढे वडिलांनी घोड्याची निगा राखायला एक सेवक पाठवला, तेव्हा अस्मांना जणू सुटका झाल्यासारखे वाटले.

एवढे सांगून पत्नी म्हणाली, "घोडीचे पाणी मी आणते आणि घोडी तुमची म्हणून तुम्ही सांगता. त्या बाईनेही वर्षानुवर्षे पाणी आणलेच असेल ना? तुम्ही तिला विचारले होते का?"

मी विचारले नव्हते.

घोडी कोणाची?

दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला. चार दिवसांनी दोघे आले. मामींनी गल्लीच्या तोंडाशीच तोंडाने एक आवाज काढला आणि आमच्या अंगणातून घोडी खिंकाळली. तीन आठवड्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

मी मामींना सरळ विचारले, "ही घोडी कोणाची?" त्यांनी मामांकडे पाहिले. मामा खाली पाहत होते. मग त्या म्हणाल्या, "माझ्या बानं मला शिंगरू दिलं हुतं, त्या घोडीची ही पोटची. घर चालतंय तवर तुझं-माझं कशाला म्हणायचं, भाई?"

वाचकहो, आता या व्यवहाराकडे व्यापारी म्हणून पाहा. ज्या मालाची मालकी देणाऱ्याची नव्हती, तो माल मी कर्जापोटी घेतला होता. शरीअतने बाईची मिळकत तिचीच ठरवली आहे. मेहेर असो, वडिलांनी दिलेले असो, तिच्या राजीखुशीशिवाय नवऱ्याला ते विकण्याचा अधिकार नाही. हिंदू कायद्यातही स्त्रीधन बाईचेच असते. मामी गप्प राहिल्या आणि मी त्यांची चुप्पी म्हणजे रजामंदी असे धरून चाललो. दात पाहिले, खूर पाहिले, भोवरे पाहिले. मालक कोण, एवढे मात्र पाहिले नाही.

दुसरी चूक याहून मोठी. सूरह बकराच्या 280 व्या आयतीत कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मोहलत देण्याची शिकवण आहे, आणि माफ केले तर ते अधिक चांगले म्हटले आहे. त्या पुढची 282 वी आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. मी लिहिलेही नव्हते आणि मोहलतही दिली नव्हती.

त्या दिवशी आम्ही नवा कागद केला. घोडी मामींना परत. 14,600 रुपये देणे कायम, मुदत दोन ईदची. कागदावर मामांचा अंगठा घेतला आणि मामींचाही. ऑक्टोबर 2013 च्या बकरी ईदला अर्धी रक्कम आली आणि उरलेली 2014 च्या ईदला. कापडाच्या धंद्यात माझी मोठ्या व्यापाऱ्यांकडे अडकलेली रक्कम याहून जास्त वर्षे अडकून राहिली आहे.

दख्खनचे एक जोडपे

घोडा आणि नवरा-बायको यांचा संबंध आपल्या इतिहासातही आहे, पण आपण तो विसरलो. विटा-खानापूरचा हा मुलूख एके काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. पहिला अली आदिलशाह (कारकीर्द 1558 ते 1580) आणि त्याची बेगम चाँदबीबी हे त्या दरबारचे जोडपे. चाँदबीबी अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. 1565 च्या तालिकोट्याच्या लढाईआधी दोन्ही घराणी एक व्हावीत म्हणून हे लग्न झाले आणि सोलापूरचा किल्ला आंदणात गेला. म्हणजे लग्न राजकारणाचे. पण पुढे ती नवऱ्याबरोबर घोड्यावरून शिकारीला आणि मोहिमेवर जात असे, असे इतिहासकारांनी लिहिले आहे. विजापुरात 1579 मध्ये बांधलेली चाँद बावडी तिच्याच नावाची.

पती गेल्यावर तिने विजापूरचा कारभार पाहिला आणि 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवला. तो किल्ला लढवणारी बाई घोड्यावर बसायला वेढा पडल्यावर शिकली नव्हती. नवऱ्याबरोबरच्या रपेटीत जे शिकली, ते नवरा गेल्यावर कामी आले. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली चाँदबीबी दख्खनी चित्रकारांनी तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीही रंगवली. त्यांतले एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

त्या काळी घोडा हा दख्खनच्या तिजारतीतला मोठा माल होता. अरबस्तान आणि इराणमधून गलबतांनी घोडे गोवा, चौल, दाभोळ या बंदरांत उतरत. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा आदिलशाहीकडून घेतला, तेव्हा घोड्यांवरच्या जकातीचे मोठे उत्पन्न त्यांच्या हाती गेले. या धंद्याच्या खुणा आपल्या आडनावांत राहिल्या आहेत. नालबंद म्हणजे नाल ठोकणारा, चाबुकस्वार म्हणजे घोडा फिरवून शिकवणारा, सौदागर म्हणजे सौदा करणारा. आडनाव राहिले आणि धंदा गेला.

परदेशातले दुसरे जोडपे

एका इंग्रज जोडप्याचेही उदाहरण देतो, कारण त्यात दुसरी बाजू दिसते. विल्फ्रिड ब्लंट आणि लेडी ॲन ब्लंट यांचे लग्न 1869 मध्ये झाले. दोघांनाही अरबी घोड्यांचे वेड. 1877-78 च्या हिवाळ्यात दोघांनी युफ्रेटिस नदीकाठच्या बदू कबिल्यांत प्रवास केला आणि पुढच्या हिवाळ्यात दमिश्कहून निघून, नफूदचे वाळवंट ओलांडून नज्दमधल्या हाइलपर्यंत गेले. बाई अरबी शिकली. तिने प्रवासाची पुस्तके लिहिली. विल्फ्रिडने इस्लामच्या भवितव्यावर लिहिले आणि 1883-84 मध्ये दोघे हिंदुस्थानातही आले. 1878 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये क्रॅबेट येथे अरबी घोड्यांची पैदास सुरू केली. जगभरातल्या असंख्य अरबी घोड्यांच्या वंशावळी आज तेथपर्यंत पोहोचतात.

पण 1906 मध्ये दोघे वेगळे झाले आणि घोड्यांचीही वाटणी झाली. 1917 मध्ये लेडी ॲन वारल्या, तेव्हा राहिलेल्या घोड्यांवरून बाप आणि मुलगी यांच्यात वाद पेटला, प्रकरण न्यायालयात गेले आणि 1920 मध्ये निकाल नातींच्या बाजूने लागला. प्रेम एकत्र होते, मेहनत एकत्र होती, पण माझे किती आणि तुझे किती हे शेवटी न्यायाधीशाला ठरवावे लागले. आटपाडीच्या बाईने तुझे-माझे म्हटले नाही, म्हणून तिची घोडी माझ्या अंगणात आली. इंग्लंडच्या बाईच्या घरात तुझे-माझे इतके झाले की घोडे कोर्टात गेले. दोन्हीकडे मुद्दा एकच. जे दोघांनी मिळून सांभाळले, त्याचा हक्क वेळीच स्पष्ट असावा.

आजचा बाजार

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. धनगराच्या वाड्यातला हा बुटका, काटक घोडा म्हणजे भीमथडी. भीमेच्या थडीचा, म्हणजे काठचा, म्हणून हे नाव. मराठ्यांच्या फौजांना दूरदूर घेऊन गेलेला घोडा तो हाच. बाहेरून आलेले घोडे आणि इथली तट्टे यांच्या संकरातून तो तयार झाला असे मानतात. 2023-24 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पीती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतर ही आठवी.

नोंद झाली, पण वाडे कमी होत आहेत. टेंभू योजनेचे पाणी खानापूर-आटपाडीत आले, ही अल्लाहची मोठी मेहरबानी. डाळिंब, द्राक्ष, ऊस झाला. पण बागायत वाढली की पडीक रान घटते, आणि मेंढरांना बसायला जागा उरत नाही. बिऱ्हाड टेम्पोत घालून नेणारे वाडेही आता दिसतात. मग घोडी विकली जाते, आणि गिऱ्हाईक असते ते वरातीच्या घोडेवाल्याचे किंवा फार्महाऊसच्या मालकाचे.

अकलूज, नंदुरबार जिल्ह्यातले सारंगखेडा, नांदेड जिल्ह्यातले माळेगाव, या बाजारांत उंच, देखण्या मारवाडी घोड्याला लाखांचे बोल लागतात. बुटक्या भीमथडीकडे पाहायला कोणी थांबत नाही. आणि सौदा कसा होतो? रुमालाखाली बोटे धरून. दलाल भोवरा दाखवून अपशकुन सांगतो आणि भाव पाडतो. भोवरा म्हणजे केसांचे वळण, त्यात ना बरकत ना नुकसान. खरी खोड मात्र झाकली जाते. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढला होता आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले होते. घोड्याच्या बाजारात ही शिकवण फार लागू पडते.

एका हदीसमध्ये घोड्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एखाद्यासाठी घोडा पुण्य ठरतो, एखाद्यासाठी आडोसा आणि एखाद्यासाठी ओझे. आडोसा म्हणजे ज्याच्या जोरावर माणूस स्वाभिमानाने जगतो, कोणापुढे हात पसरत नाही. ओझे म्हणजे मिरवण्यासाठी बांधलेला. वाड्यातली घोडी आडोसा होती. माझ्या अंगणात आली तेव्हा तीच घोडी ओझे झाली. घोडी बदलली नाही, नियत बदलली.

दुसऱ्या एका हदीसमध्ये व्यर्थ करमणुकीतून ज्या गोष्टी वगळल्या आहेत, त्यांत घोड्याला शिकवणे आणि पत्नीबरोबर हसणे-खेळणे या दोन्हींचा समावेश आहे. हे दोन्ही एकाच वाक्यात का आले असावे, याचा मी कधी विचार केला नव्हता. मामा-मामींना पाहिल्यावर थोडे समजले. घोडा दोघांनी मिळून पाळला तर घराला पाय फुटतात.

ज्या बंधूंना हौसेने घोडा घ्यायचा आहे, त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. पाणी कोण आणणार, हे आधी घरात बसून ठरवा, आणि उत्तर "ती" असेल तर आधी तिला विचारा. एकटा घोडा बांधू नका. विकणारा नवरा असेल तर त्याच्या बायकोशी बोलल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि झालेला सौदा कागदावर घ्या.

कुमेद घोडी आता नाही. तिच्या पोटचे शिंगरू मोठे झाले आहे, आणि मामांचा मुलगा-सून दिवाळीनंतर ते घेऊन पेठेतून जातात. गेल्या खेपेला सून पोरांचे कापड घ्यायला आली आणि थोडे उधार हवे म्हणाली. मी वही उघडली. नवरा बाहेर घोडी धरून उभा होता, त्याला आत बोलावले. तिने घोडीचा दोर जाऊन हातात घेतला, तेव्हा तो आत आला.

2013 पासून माझ्या वहीत अशा प्रत्येक खात्यावर दोन नावे असतात.